तुम्हाला माहीत होतं ना?

जुलैतल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात बी विंगमधला सहावीतला मुलगा. पोडियमवरून पळत आला असणार. केसांतून पाणी निथळत होतं, टी-शर्ट अंगाला चिकटला होता, पण हातातलं पुस्तक मात्र किराण्याच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबरबँड लावून आणलेलं. मी म्हटलं, "अरे, आत ये आधी, डोकं पूस." तो उंबऱ्याच्या आत आला नाही. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता, चपलांच्या स्टँडकडे बघत म्हणाला, "काकू, शेवटी काय होतं ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग सांगितलं का नाही?"

उत्तराची वाट न बघता तो वळला. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, तरी जिन्याने गेला. ओल्या स्लिपरांचा चपक चपक आवाज बराच खाली जाईपर्यंत मी ऐकत राहिले. मग रबरबँड काढला, पिशव्या सोडल्या. 'पाडस' होतं, हरणाच्या पाडसाची आणि ज्योडी नावाच्या मुलाची कादंबरी. एकही पान भिजलं नव्हतं. बसच्या तिकिटाची खूण ज्योडी कुंपण उंच करतो त्या पानाशी तशीच राहिली होती. तिथून पुढचं त्याने एका दमात वाचलं असणार.

त्या प्रश्नाने मला आठवडाभर सोडलं नाही. पुस्तक आवडलं नाही, बोअर झालं, अर्धंच वाचलं, असं मुलं मला रोज सांगतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण ह्याच्या बोलण्यात पुस्तकाबद्दल तक्रार नव्हतीच. होती ती माझ्याबद्दल.

ठाण्यात कोलशेतच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलामागे, एक पत्र्याचं कपाट आहे. दर रविवारी पाच ते सहा मी ते उघडून बसते. त्यात माझ्या लहानपणीची पुस्तकं आहेत, माझ्या मुलाची आहेत, परदेशी कायमचं गेलेल्या एका कुटुंबाने जाताना दिलेली दोन खोकी आहेत. भरतीच्या वेळी खाडीकडून वारा आला की त्या कपाटाला दमट, खारट वास येतो आणि पावसाळ्यात मी आत कापराच्या वड्या ठेवते. येणारी मुलं बहुतेक नऊ ते तेरा वर्षांची. गोष्टीची पुस्तकं त्यांना लहान व्हायला लागलेली असतात, मोठ्यांची कादंबरी अजून ढगळ होते. ह्या मधल्या वयासाठी पुस्तक निवडणं मला सगळ्यात अवघड वाटतं आणि सगळ्यात आवडतंही. मुलांबरोबर कधीकधी त्यांच्या आया येतात. "भाषा सुधारेल असं काहीतरी द्या ना." "ह्यातून काय शिकायला मिळेल?" मी त्यांना काहीतरी सांगते, पण माझं लक्ष पोराकडे असतं. ते कुठल्या पुस्तकाच्या पाठीवर बोट फिरवतंय, उघडून कुठलं पान बघतंय, पहिलं की मधलं. मागच्या वेळी झोप टाळून काय वाचलंस किंवा काय बघितलंस, एवढाच एक प्रश्न मी विचारते. त्याच्या उत्तरातून वयापेक्षा पुष्कळ काही कळतं.

सुरुवात मी बहुतेक वेळा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून करते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी वाक्य लांबलं की धाप लागते आणि भागवतांची वाक्यं धावतात. त्यांच्या मागे पळता पळता पोरगं चार पानं कधी वाचून जातं ते त्यालाही कळत नाही. पहिलं प्रकरण मी मोठ्याने वाचून दाखवते. फुरसुंगीचा तो किडकिडीत बन्या, त्याचं ते 'टॉक्', त्याची सायकल. दुसऱ्या-तिसऱ्या 'टॉक्'ला ऐकणारी मुलं पुढे सरकून बसतात. जी मुलं मराठी पुस्तकाला हात लावायला घाबरतात त्यांच्यासाठी ह्याच्याइतका भरवशाचा मित्र मला दुसरा माहीत नाही. पण फेणे वाढत नाही. इतक्या पुस्तकांत इतकी संकटं येऊन गेली तरी पुढच्या पुस्तकात तो तेवढाच, तसाच, ताजातवाना. दहाव्या वर्षी तेच हवं असतं. मग कधीतरी, अकरा-बाराच्या सुमारास, एखादं पोर पुस्तक परत करताना म्हणतं, "छान आहे, पण ह्याला काहीच होणार नाही हे आधीच कळतं." ते वाक्य ऐकलं की मी वरच्या कप्प्याकडे हात नेते.

वरच्या कप्प्यात अशी पुस्तकं आहेत ज्यात मुलगा घरी परततो तेव्हा घर तेच असतं, तो तो नसतो.

असल्या कादंबऱ्यांत लेखकाला आधी एक काम उरकावं लागतं, ते म्हणजे मोठ्या माणसांना बाजूला करायचं. 'ट्रेझर आयलंड'मध्ये जिमचे वडील सुरुवातीलाच जातात. गॅरी पॉल्सनच्या 'हॅचेट'मध्ये छोट्या विमानाचा पायलट हवेतच हार्ट अटॅकने मरतो आणि तेरा वर्षांचा ब्रायन कॅनडाच्या जंगलात एकटा उरतो, कमरेला आईने दिलेली एक कुऱ्हाड, बस. मोठी माणसं गेली की मग पुस्तक सुरू होतं. हे वाचणारी आमची मुलं मात्र अशी की त्यांना गेटबाहेर जायचं तर आईच्या मोबाइलवर विचारणा येते, आईने बटण दाबलं तर गेट उघडतं. संध्याकाळी खाली खेळतात तेव्हाही वर कुठल्यातरी गॅलरीत कुणीतरी उभं असतं. आईवडिलांचं चुकतं असं मी म्हणत नाही. घोडबंदर रोडवरून ज्या वेगाने डंपर जातात, तिथे मीही माझ्या मुलाचा हात तो सातवीत जाईपर्यंत सोडला नव्हता. पण अकरा वर्षांच्या पोराला एकट्याने काहीतरी ठरवावं, ते चुकावं, आणि ते निस्तरावं अशी जागा आता उरलीय ती मला तरी पुस्तकातच दिसते.

मला ती बाहेर मिळाली होती. आम्ही नौपाड्यात राहायचो. पाचवीची परीक्षा संपून सहावीची शाळा सुरू झाली होती. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि शेजारच्या दोघी, घरी "खेळायला जातो" असं सांगून, चालत येऊरच्या डोंगरावर गेलो. वर्तकनगर मागे टाकलं, उपवनचा तलाव आला, मग चढ. तेव्हा तिथे आजच्याइतकी वस्ती नव्हती. वर पोचेपर्यंत सगळं मजेचं होतं. मग ढग उतरले. तासाभरापूर्वी उडी मारून ओलांडलेला ओढा परतताना ओळखू येईना, पाणी मातकट झालं होतं आणि त्याचा आवाज बदलला होता. मी पुढे होते, म्हणून दोघी माझ्याकडे बघत होत्या. ते बघणं मला आजही आठवतं. पाय घालायचा की नाही हे मी सांगायचं होतं. मी घातला. गुडघ्याच्या वर पाणी आलं, दगड पायाखालून सरकला, मी पडले नाही, एवढंच. पलीकडे गेल्यावर वाट चुकलो. पाड्यावरची एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती, तिने एक शब्द न बोलता आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी होती. तिने मारलं नाही, टॉवेल दिला आणि आत जाऊन रडली. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून नुकतेच आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "ओढ्याला पाणी केवढं होतं?"

"गुडघ्याच्या वर."

"हं," म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

पुढच्या शनिवारी ते मला मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन गेले. १८९३ साली स्थापन झालेलं आपलं हे ठाण्याचं ग्रंथालय. आम्ही नेहमीच जायचो, पण एरवी पुस्तक मी निवडायचे आणि ते त्यांच्या पुस्तकांत गुंतलेले असायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतः कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. आर. एल. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चं मराठी रूप होतं. ह्यापेक्षा वेगळं काही ते त्या येऊरच्या प्रकरणावर बोलले नाहीत, कधीच नाही. मी ते पुस्तक रात्री पांघरुणात वाचलं. सफरचंदाच्या पिंपात बसलेला जिम आणि पिंपाला टेकून बोलणारा सिल्व्हर. आत्तापर्यंत जिमला मुलासारखं वागवणारा, हसरा, एका पायाचा सिल्व्हर खून करायची भाषा करतोय, आणि हे सगळ्या जहाजावर एका पोरालाच ठाऊक झालंय. ओढ्याकाठी दोघी माझ्याकडे बघत होत्या तेव्हा पोटात जसं झालं होतं, तसंच मला त्या पानावर झालं. बाबांना ते ठाऊक असणार असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

ती गोष्ट स्टीव्हन्सनने १८८१ च्या उन्हाळ्यात सुरू केली. स्कॉटलंडमध्ये पाऊस काही उघडत नव्हता, घरात अडकलेल्या शाळकरी सावत्र मुलाबरोबर तो चित्रं काढत बसला होता, त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशातून कादंबरी. मुलांच्या एका साप्ताहिकात ती क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तक झालं. हे मला पुष्कळ नंतर कळलं. नंतर कळलेली आणखी एक गोष्ट मात्र मला लागली. विशी ओलांडल्यावर मी मूळ इंग्रजी पुस्तक वाचलं, आणि शेवटचा परिच्छेद वाचताना थांबले. जिम म्हणतो की बैल जुंपून ओढलं तरी मी पुन्हा त्या बेटावर जाणार नाही. अजूनही स्वप्नात त्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा ऐकू येतात, सिल्व्हरच्या पोपटाचं ओरडणं कानात घुमतं आणि मी अंथरुणात ताडकन उठून बसतो. माझ्या लहानपणच्या पुस्तकात ह्यातलं काही नव्हतं. तिथे खजिना मिळाला होता, वाटण्या झाल्या होत्या आणि सगळे सुखाने घरी आले होते. कुणीतरी कुठेतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं की अकरा वर्षांच्या मुलीला एवढंच पुरे. मला वाईट वाटलं ते फसवलं गेल्याचं. कारण येऊरहून आल्यावर कित्येक रात्री मी त्या ओढ्याचा आवाज ऐकत जागी होत होते, आणि मला वाटत होतं की मी भित्री आहे. जिमलाही तसंच होतं हे जर त्या पुस्तकाने मला सांगितलं असतं!

म्हणून कपाटात मी संक्षिप्त आवृत्त्या ठेवत नाही. पुस्तक जड वाटलं तर थांबावं, वर्षाने घ्यावं, घरच्या कुणी वाचून दाखवावं, आवडलं नाही तर सोडून द्यावं. पण दिलं तर अख्खं द्यावं. लेखकाने दुखवायचं ठरवलेल्या जागेवर मधल्या कुणी फुंकर घालून ठेवू नये. हे माझं मत फार जुनं आणि घट्ट होतं. त्या रविवारी दारात उभा राहिलेला मुलगा त्याच मताला हात घालून गेला.

'हॅचेट'चंच घ्या. मुलांना त्यातलं सगळ्यात आवडतं ते कुऱ्हाड दगडावर आपटून ठिणग्या पाडणं, भूर्जाच्या सालीचे तंतू गोळा करून आग पेटवणं. चोपन्न दिवस. पण ब्रायन एक गुपित घेऊन विमानात बसलेला असतो. आईवडील वेगळे झालेत, आणि आईला त्याने दुसऱ्या एका माणसाबरोबर पाहिलंय. मागच्या वर्षी आमच्या इथल्या एका मुलीने ते वाचलं. तिच्या घरी काय चाललं होतं ते सगळ्या विंगला माहीत होतं आणि कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. पुस्तक परत देताना आगीबद्दल, अस्वलाबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "त्याने पप्पांना शेवटपर्यंत सांगितलंच नाही." मी म्हटलं, "नाही सांगितलं." तिने मान हलवली आणि दुसरं पुस्तक शोधायला लागली. त्या दिवशी मला वाटलं होतं, पुस्तक अख्खं दिलं की ते आपलं काम करतं, आपण मध्ये पडायचं कारण नाही. मला फार बरं वाटलं होतं त्या विचाराने.

तिलाच मग मी स्कॉट ओडेलचं 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' दिलं. माझ्या कपाटातल्या साहसकथांत मुलगेच फार, आणि ह्यातल्या कराना ह्या मुलीच्या बरोबरीला दुसरं कुणी नाही. टोळी जहाजाने निघून जाते, मागे राहिलेल्या धाकट्या भावासाठी ती जहाजावरून उडी मारते, आणि तो भाऊही थोड्याच दिवसांत जातो. रानटी कुत्रे त्याला मारतात. तिच्या टोळीत बाईने शस्त्र बनवायचं नसतं, बनवलं तर अरिष्ट येतं असं मानतात. ती रात्र रात्र त्या भीतीशी झगडते आणि शेवटी भाला आणि धनुष्य करते. ही कादंबरी १९६० ची, पण मागे एक खरी बाई आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर ती अठरा वर्षं एकटी राहिली. तिला १८५३ मध्ये मुख्य भूमीवर आणलं गेलं. तिची भाषा समजणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, आणि सात आठवड्यांत ती वारली. १८५३ म्हटलं की आपल्या ठाणेकरांना १६ एप्रिल आठवतो, बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्याकडे आली तो दिवस. इथे लोक दुतर्फा गर्दी करून गाडी बघत होते त्याच वर्षी तिकडे ही बाई अठरा वर्षांनी माणसांमध्ये येत होती, हे मनात आलं की मला दर वेळी कसंतरी होतं.

पण मी 'पाडस'बद्दल सांगत होते.

मार्जोरी किनन रॉलिंग्जची ही कादंबरी १९३८ ची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की फ्लॉरिडाच्या रानातला तो बारा वर्षांचा ज्योडी आपल्याच रानात वाढलेला वाटावा. पुस्तक मुलांच्या हातात देताना मी त्यांना एवढं सांगते की पाडस भेटायला पुष्कळ पानं जावी लागतील, घाई करू नकोस. सुरुवातीला ज्योडी काम सोडून ओहोळाकाठी जातो आणि पामच्या पानांची पाती करून एक छोटी पाणचक्की बनवतो. दोन बेचक्यांवर आडवी काडी, काडीवर बसवलेली पाती, आणि वाहत्या पाण्यात गरगर फिरणारं ते इवलंसं चाक. तेवढा भाग मी वाचून दाखवते. मग अस्वलाची शिकार येते आणि पुढे मला काही करावं लागत नाही. बापाला साप चावतो. विष शोषायला ताजं काळीज हवं म्हणून तो हरिणीला गोळी घालतो, आणि तिचं पाडस उघड्यावर पडतं. ज्योडी त्याला घरी आणतो. ते वाढतं आणि शेतातलं कोवळं पीक खातं. त्या घरात पीक गेलं तर वर्षभर खायला काही नाही. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, हात सोलवटून निघेपर्यंत लाकडं रचतो, आणि पाडस कुंपणावरून उडी मारतं. मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय आणि चारही वेळा त्या उडीपाशी मनात म्हटलंय की ह्या वेळी नको मारूस. पुढचं इथे लिहीत नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना ते आठवायला मदत लागत नाही. ह्यात कुणी दुष्ट नाही, हेच सोसत नाही. बाप त्या मुलावर जीव टाकणारा आहे आणि बरोबरही आहे. शेवटाकडे ज्योडी पुन्हा त्या ओहोळाशी येतो, पुन्हा पाणचक्की करून बघतो, आणि त्याला त्यात गंमत वाटत नाही.

हे मी त्या मुलाला का दिलं? कारण त्याला प्राण्यांची माया आहे हे मी पाहिलं होतं. जूनभर बी विंगच्या खालच्या पार्किंगमध्ये, पंपरूमच्या दाराशी, एक तपकिरी पिल्लू असायचं, एक कान दुमडलेलं. हा शाळेतून आला की डब्यातली उरलेली अर्धी पोळी घेऊन आधी तिथे जायचा. मी गाडी लावताना त्याला बघायचे, उकिडवा बसलेला, पोळीचे तुकडे करून तळहातावर धरलेले. प्राण्याचं पुस्तक हवं म्हणाला तेव्हा मी पुढचा विचारच केला नाही.

बुधवारी संध्याकाळी खाली उतरले तर पंपरूमपाशी पाण्याची वाटी उपडी पडलेली दिसली. गेटवरच्या वॉचमनला विचारलं. तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते पिल्लू तर गेल्या गुरुवारी रात्रीच नेलं टेम्पोतून. येऊरकडं सोडलं म्हणत्यात. ते पोरगं दोन दिवस माझ्याकडं येऊन विचारत होतं, मी काय सांगणार?"

गुरुवारी पिल्लू गेलं. रविवारी त्याने पुस्तक परत केलं.

मी तिथेच दुचाक्यांच्या रांगेपाशी उभी राहिले. मोबाइल काढला, सोसायटीच्या ग्रुपमध्ये मागे मागे गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मेसेज होता, "पार्किंगमधल्या कुत्र्याचा बंदोबस्त करण्यात यावा." खाली अंगठ्यांची रांग. माझा अंगठा नव्हता. पण मी तो वाचला होता, मला आठवत होतं, स्वैपाक करता करता वाचला आणि गॅस बारीक करायला वळले. रस्त्यावरचं कुत्रं असं उचलून दुसरीकडे नेऊन सोडायचं नसतं, नियम तसा नाही, हे मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य मी लिहू शकले असते. मला भांडण नको होतं. त्याच आठवड्यात मी त्या मुलाला 'पाडस' दिलं होतं.

पुस्तक अख्खं द्यावं हे माझं मत त्या आठवड्यात बदललं नाही, आजही बदललेलं नाही. शेवट आधी सांगितला असता तर मी त्याच्या आणि ज्योडीच्या मध्ये उभी राहिले असते. पण पुस्तक देऊन मी निघून गेले होते, आणि ते मला आता नीट दिसायला लागलं. माझ्या बाबांनी मला पुस्तक दिलं ते ओढ्याला पाणी केवढं होतं हे विचारल्यानंतर दिलं. मी ह्याला काहीच विचारलं नव्हतं. ज्या दोन आठवड्यांत तो ते पुस्तक वाचत होता, त्यात मी त्याला लिफ्टमध्ये तीनदा भेटले असेन. कुठपर्यंत आलास, एवढंही नाही विचारलं. शेवटची पानं त्याने रात्री वाचली की दिवसा, घरात कोण होतं, मग तो कुणापाशी जाऊन बसला, मला काहीच ठाऊक नाही.

त्याची समजूत काढायला दुसरं पुस्तक द्यावं असं एकदा मनात आलं. करानाचंच. त्यात भावाला मारणाऱ्या कुत्र्यांच्या म्होरक्याला ती जखमी करते, मारायला जाते, आणि मारू शकत नाही, उचलून घरी आणते, आणि पुढे तोच तिचा सोबती होतो. मी ते कपाटातून काढलंही. मग परत ठेवलं. एका पुस्तकाने लागलेल्यावर दुसरं पुस्तक चोळायचं नसतं. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पुस्तकाआडून नाही.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. आता त्याचं नवीन पुस्तक न्यायचं राहिलंय म्हणून त्याच्या आईला फोन करावा, असं रोज ठरवायचे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी, पाऊस बारीक झाला होता. येऊरचे डोंगर अर्धे ढगात होते. गॅलरीतून खाली पाहिलं तर पोडियमच्या बागेत, शोभेच्या पामच्या रांगेपाशी, निळा रेनकोट घालून कुणीतरी उकिडवं बसलं होतं. त्या बसण्यावरून ओळखलं. मी छत्री घेऊन खाली गेले.

बागेच्या कडेने पावसाचं पाणी जायला एक उघडी पन्हळ आहे, वीतभर रुंद. माळ्याने छाटून टाकलेली पामची पानं बाजूला पडली होती. त्यातलं एक घेऊन त्याने त्याच्या पट्ट्या फाडल्या होत्या. पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या मातीत दोन बेचक्या रोवल्या होत्या, चाफ्याच्या असाव्यात, आणि त्यावर आडवी काडी. पट्ट्या काडीला दोऱ्याने बांधल्या होत्या. पाणी आलं की चाक अर्धं फिरायचं, पट्टी सरकायची, थांबायचं. तो पुन्हा पट्टी सरळ करायचा. मी शेजारी उभी राहून छत्री त्याच्यावर धरली. त्याने वर पाहिलं नाही.

"त्या दिवशी तू विचारलंस ना," मी म्हटलं. "मला माहीत होतं शेवटचं. तुला सांगितलं असतं तर तू ते वाचलंच नसतंस, म्हणून नाही सांगितलं. पण खालच्या पिल्लाला नेणार आहेत हेही मला माहीत होतं. मी मेसेज वाचला होता. मी काहीच बोलले नाही तेव्हा."

पाणी पन्हळीतून खळखळत होतं. त्याने एक ओली पट्टी दातात धरून ताणली, गाठ मारली.

"पप्पांनीपण वाचला होता," तो म्हणाला.

मला काही बोलता आलं नाही. तो चाकाकडे बघत होता, मीही बघत राहिले. चाक पुन्हा अर्धं फिरलं आणि अडकलं. वॉचमन लांबून शिट्टी फुंकत येत होता, पन्हळ अडवू नका म्हणून. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"काकू, त्याने पात्यांना चिरा पाडल्या होत्या ना? बांधलं नव्हतं. चिरेत खोचलं होतं. पण चिरा कुठे? मध्ये की टोकांना?"

मी आठवून पाहिलं. चार वेळा वाचलेलं पान, मोठ्याने वाचून दाखवलेलं, आणि मला आठवेना.

"पुस्तक आणता?"

छत्री त्याच्या बाजूला मातीत खोचली आणि मी वर पळाले. येताना पुस्तक किराण्याच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं, वर रबरबँड लावला.